दाखव, वळ, पूस

सकाळी साडेआठला अण्णांचा मुलगा गाडी घेऊन फाटकातून आत आला आणि त्याने दोनदा हॉर्न वाजवला. दोन्ही वेळा तो पहिल्याच दाबाला वाजला. खिडकीशी चहा पीत उभ्या असलेल्या अण्णांना तेव्हाच काहीतरी खटकलं, कारण त्यांच्या गाडीचा हॉर्न पहिल्या दाबाला कधीच वाजत नसे. आधी मधोमध दाबायचं, मग जरा डावीकडे.

मुलगा खूश होता. काल दुपारी छापखान्यात सामान न्यायचं आहे असं सांगून त्याने गाडी नेली होती, ती खरं तर मिस्त्रीकडे. घरातली सगळी गाऱ्हाणी त्याने कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातात ठेवली होती. मिस्त्रीने रात्रभर गाडी ठेवून घेतली आणि यादीतलं एकूण एक काम केलं. ही बायकोला भेट होती. परीक्षेच्या दिवशी तरी तिला धड गाडी मिळावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

परीक्षा सव्वाअकराला होती. ती स्वतःच्या घरच्या गाडीतच द्यायची असा नियम होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन देखभाल करणाऱ्या एका संस्थेने सुनेला परिचारिका म्हणून निवडलं होतं, पण सोमवारी सकाळी गाडी चालवण्याचा परवाना त्यांच्या टेबलावर हवा होता. नाहीतर यादीतली पुढची बाई तयारच होती. आज नापास झाली तर परीक्षेची पुढची तारीख दीड महिन्यांनी, म्हणजे जागा गेल्यातच जमा.

सून पदराला हात पुसत बाहेर आली, नवऱ्याकडे बघून हसली आणि गाडीत बसली. तिने क्लच दाबून गाडी सुरू केली, आणि रोजच्यासारखा पाय सोडायला लागली. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने हँडब्रेक छातीपर्यंत ओढायला हात घातला तर तो तीन कटकटींत घट्ट बसला. रोज नऊ लागायच्या.

"अहो, ही आपली गाडी नाही," ती म्हणाली.

मुलाचा चेहरा उतरला. त्याने चांगल्यासाठीच केलं होतं, आणि ते तिलाही कळत होतं, म्हणून तिने पुन्हा किल्ली फिरवली. त्याला पाळीवर जायला उशीर होत होता. जाताना त्याने तीनदा मागे वळून पाहिलं.

आता त्या गाडीत आधी काय काय होतं ते सांगायला हवं. अण्णांनी एकोणीस वर्षं ती चालवली होती आणि दर रविवारी तिचं तेल, पाणी, चाकांतली हवा न चुकता बघितली होती. जे बिघडलं आणि ज्याच्यामुळे गाडी अडली नाही, ते त्यांनी दुरुस्त केलं नाही, अंगवळणी पाडून घेतलं. काचेवरची वाफ घालवणारा पंखा मेला, तेव्हापासून खिडकी चार बोटं उघडायची आणि दाराच्या खणातल्या जुन्या वर्तमानपत्राने काच पुसायची. वायपर काचेच्या मध्ये थांबायचा, म्हणून तो खाली येत असतानाच बंद करायचा. क्लच पार वर आल्यावर पकडायचा. आणि सगळ्यात जुनी खोड इंडिकेटरची. गाडी वळून सरळ झाली की इंडिकेटरची दांडी आपोआप जागेवर यायला हवी, ती येत नसे. दिवा पुढच्या चौकापर्यंत लुकलुकत राहायचा.

अण्णांनी चाळीस वर्षं तिसरीच्या मुलांना शिकवलं होतं. पाढा चुकणाऱ्या मुलाला ते न रागावता दोनशे वेळा तोच पाढा म्हणायला लावत, आणि दोनशे एकाव्या वेळी तो मुलगा चुकत नसे. सुनेलाही त्यांनी तसंच शिकवलं. इंडिकेटरसाठी त्यांनी तीन शब्द बनवले होते: दाखव, वळ, पूस. फळ्यावर लिहिलेलं तास संपल्यावर पुसायचं असतं, नाहीतर पुढच्या वर्गाचा गोंधळ होतो. तसाच वळण्याचा दिवा वळून झाल्यावर बोटाने पुसायचा. चार महिने रोज संध्याकाळी ती हे करत होती. आता तिला म्हणावंही लागत नसे. गाडी सरळ झाली की उरलेलं बोटच करायचं.

क्लचचं तिला दहा मिनिटांत जमलं. हँडब्रेकचंही. वायपर, पंखा, खिडक्या यांत काही अडचण नव्हती. मग दोघं गल्लीतून बाहेर पडली, पहिल्या वळणावर तिने इंडिकेटर दिला, वळली. गाडी सरळ होताच दांडी आपली आपण जागेवर आली, आणि त्याच क्षणी तिच्या बोटाने ती पुसली. पुसली म्हणजे जागेवर आलेल्या दांडीला पलीकडे ढकललं. दुसऱ्या बाजूचा दिवा लुकलुकायला लागला. मागून येणारी मोटरसायकल बुचकळ्यात पडून थांबली.

दुसऱ्या वळणावरही तसंच झालं. तिसऱ्या वळणाआधी अण्णा म्हणाले की आता पुसायचं नाही, आणि ती हो म्हणाली, आणि तिने पुसलं.

"अण्णा, मी मुद्दाम नाही करत."

"माहीत आहे मला, बाळ."

चुकणाऱ्या मुलाला बरोबर शिकवायला काय लागतं ते अण्णांना माहीत होतं. पण बरोबर शिकलेलं एका तासात विसरायला कसं लावायचं, हे चाळीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं. सव्वानऊ. त्यांनी गाडी मिस्त्रीकडे घ्यायला सांगितली.

मिस्त्री त्यांच्याच हाताखाली तिसरीत होता. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते, तरी तो अण्णांना बघून हातातला पाना पाठीमागे लपवायचा. गाडी पुन्हा दारात बघून त्याला वाटलं काही राहिलं. अण्णांनी सांगितलं की काहीच राहिलं नाही, तीच अडचण आहे. इंडिकेटरची दांडी होती तशी करून दे.

मिस्त्रीला आधी कळलंच नाही. मग त्याने पाना खाली ठेवला.

"गुरुजी, पंचवीस वर्षांत गाडी बिघडवून द्या म्हणायला कुणी आलं नव्हतं."

अण्णांनी त्याला नीट समजावलं, परीक्षा, सोमवार, बोट, सगळं. मिस्त्री विचारात पडला. जुना भाग परत बसवायचा तर स्टिअरिंग उतरवावं लागेल, दीड तास. लवकर हवं असेल तर एकच मार्ग: आतला प्लॅस्टिकचा छोटा खिळा चिमट्याने तोडायचा. दोन मिनिटांचं काम. मात्र तो तुटला की तुटला, मग आख्खा नवा भाग आणावा लागेल.

"तोड," अण्णा म्हणाले.

"तिसरीत मी पट्टी मोडली होती, तेव्हा तुम्ही मला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतंत," मिस्त्री चिमटा शोधत म्हणाला. "आज तुम्हीच सांगताय."

सून गाडीतून उतरली नव्हती. चिमटा खिडकीतून आत आला तेव्हा तिने दांडीवर आपला तळवा ठेवला.

"नको. सोमवारी मला संस्थेची गाडी चालवायची आहे, अण्णा. ती काय आपल्यासारखी असणार आहे? आज पास होईन आणि सोमवारी कुणाच्या तरी अंगावर जाईन."

मिस्त्रीने अण्णांकडे बघितलं. अण्णा गाडीच्या टपावरची धूळ बोटाने काढत राहिले. ती म्हणत होती ते इतकं सरळ होतं, आणि ते आपल्याला सुचलं नाही याची त्यांना लाज वाटली. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं ते पुढच्या वर्गासाठी. आणि हिला शिकवलं ते फक्त या एका गाडीसाठी.

बाजाराच्या मागे मालट्रक लावायचं मोकळं मैदान होतं. तिथे ती दोघं पावणेदहाला पोचली. चारी कोपऱ्यांवर रिकामी पिंपं होती. पिंपांना वळसे घालत राहायचं ठरलं.

अण्णा शेजारी बसून प्रत्येक वळणावर म्हणत, "हात खाली." ते हळू आवाजात म्हणत, मायेने म्हणत, आणि नेमकं त्यांनी म्हटलं की तिचं बोट उडे. मग ते वळणाच्या थोडं आधी म्हणायला लागले. मग थोडं नंतर. मग त्यांनी तीन शब्दांतला तिसरा बदलून बघितला: दाखव, वळ, थांब. "थांब" ऐकताच तिने ब्रेक दाबला. दोघांची डोकी पुढे गेली. एरवी दोघं हसली असती.

बारा वळणं झाली. अकरा चुकली. तिच्या मानेवर घाम आला होता. ती उजव्या हाताची बोटं सारखी उघडत आणि मिटत होती. दहा वाजून पाच मिनिटं.

"अण्णा," ती समोर बघत म्हणाली, "तुम्ही जरा उतरता का?"

ती असं कधी बोलली नव्हती. अण्णा उतरले. दार लावलं, ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा उघडून लावलं, आणि पिंपाजवळ जाऊन उभे राहिले. वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखं त्यांना वाटलं. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून मागे बांधले, मग पुढे बांधले.

त्यांना दिसलं की तिने पर्समधून कामाची पांढरी चिकटपट्टी काढली, जखमेवरचा कापूस धरून ठेवणारी, आणि दातांनी तोडून ती इंडिकेटरच्या बोटाला गुंडाळली. दोन पेरांना मिळून, बोट ताठ राहील अशी. मग गाडी निघाली.

एकोणीस वर्षांत अण्णांनी ही गाडी चालताना बाहेरून कधी बघितलीच नव्हती. ते नेहमी आतच असायचे. ती केवढी छोटी दिसत होती. पहिल्या पिंपाशी उलटा दिवा लागला, पण एकदाच लुकलुकून विझला. दुसऱ्याशीही. तिसऱ्याशी काहीच झालं नाही. दांडी आपली आपण आली आणि गाडी सरळ पुढे गेली. अण्णांच्या तोंडून "हं" निघालं. चौथ्याशी चुकली. पुढच्या फेरीत पाचव्या वळणावर नाही, सहाव्यावर नाही. ती मोजत नव्हती, पण अण्णा बोटांवर मोजत होते. बडबड करणारं कुणी शेजारी नव्हतं, तेव्हा तिला ती टिकटिक ऐकू येत होती. टिकटिक थांबली म्हणजे काम झालं. एवढं साधं त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं, कारण त्यांच्या गाडीत ती कधी थांबतच नव्हती.

आणि मग सातव्या वळणावर तिने वेग कमी करायला ब्रेक दाबला, तेव्हा अण्णांना दिसलं की मागचा लाल दिवा एकच पेटला. उजवा पेटला, डावा नाही.

त्यांना आधी वाटलं उन्हामुळे. ते दोन पावलं सरकले, कपाळावर हात धरला. पुढच्या पिंपालाही तेच. डावा दिवा मेलेला होता. कधीपासून, देव जाणे. मिस्त्रीने बघितला नव्हता, कारण मुलाच्या यादीत तेवढंच होतं जेवढं आत बसणाऱ्याला कळतं. आणि अण्णांनी बघितला नव्हता, कारण ब्रेकचा दिवा एकट्याने बघता येत नाही. पूर्वी दर रविवारी सुनेची सासू ब्रेकवर पाय ठेवून बसायची आणि अण्णा मागे उभे राहून "हं" म्हणायचे. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. तेवढी एक गोष्ट तेव्हापासून राहून गेली होती.

परीक्षेच्या फाटकावरचा माणूस आत सोडण्याआधी गाडीचे सगळे दिवे बघायचा. एक बंद असला की गाडी परत. अण्णांनी दोन्ही हात वर केले आणि गाडीसमोर धावले. ती घाबरून थांबली.

सामानाच्या खणात त्यांचा एक पत्र्याचा डबा असायचा: फ्यूज, दोन-तीन दिवे, पेचकस, जुना रुमाल. डबा होता. मागचं आवरण काढलं, जुना दिवा रुमालात धरून आत दाबला, फिरवला, बाहेर काढला. काच आतून काळी पडलेली. नवा घेतला आणि बसवायला लागले, तर तो बसेना. घड्याळात साडेदहा. परीक्षेची जागा तिथून वीस मिनिटांवर. त्यांनी पुन्हा दाबला. आता दिवाच फुटेल असं त्यांना वाटलं.

सून शेजारी येऊन उकिडवी बसली.

"अण्णा, दिव्याच्या बुडाच्या खुंट्या बघा. एक वर आहे, एक खाली. तो एकाच बाजूने जातो. तुम्हीच सांगितलं होतंत."

त्यांनी दिवा उलटा केला. तो गुमान बसला. ती जाऊन ब्रेकवर पाय ठेवून बसली. अण्णा मागे उभे राहिले. दोन्ही पेटले.

"हं," अण्णा म्हणाले. मग क्षणभर ते तिथेच थांबले.

परीक्षेच्या आवारात त्यांना जाऊ देत नव्हते. फाटकाबाहेर एक बाक होता, त्यावर ते बसले, उठले, पुन्हा बसले. फाटकावरच्या माणसाने मागचे दिवे बघितले आणि मान हलवून गाडी आत सोडली. परीक्षक एक उंच बाई होत्या, हातात पाटीसारखा फळा आणि त्यावर कागद. आधी गाडी उभी असतानाच त्या एकेक गोष्ट दाखवायला लावत होत्या. अण्णांना लांबून फक्त दिवे लागताना आणि विझताना दिसत होते. वायपर दोनदा फिरले आणि खाली येऊन निजले. मग अचानक ड्रायव्हरची खिडकी चार बोटं उघडली, आणि सुनेचा हात दाराच्या खणाकडे गेला. अण्णांनी डोळे मिटून घेतले. वर्तमानपत्र. ती वर्तमानपत्र काढत होती.

डोळे उघडले तेव्हा गाडी रस्त्यावर जायला निघाली होती.

ती वीस मिनिटं अण्णांनी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत फेऱ्या मारण्यात घालवली. शेजारी एक आई आपल्या मुलीची वाट बघत होती. ती म्हणाली, आजोबा, बसा, तुम्हाला बघून मलाच धाप लागते. ते बसले आणि लगेच उठले. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीचा इंडिकेटर त्यांनी बघितला. लोक किती निवांतपणे वळतात याचं त्यांना नवल वाटलं.

शेवटी ती आली. फाटकात शिरायला वळली, वळणाचा दिवा लुकलुकला, गाडी सरळ झाली, दिवा विझला. अण्णा श्वास रोखून दुसऱ्या दिव्याकडे बघत राहिले. तो लागला नाही. गाडी आत जाऊन थांबली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागद होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती बाकावर बसली आणि कागद अण्णांच्या हातात दिला. पास. शेरा एकच: "वाफ काढण्याची पद्धत जुनी."

मग तिने सांगितलं. काचेवरची वाफ कशी घालवाल असं बाईंनी विचारलं आणि तिच्या हाताने आपसूक खिडकी उघडून वर्तमानपत्र काढलं. बाई बघतच राहिल्या. तिने खरं तेच सांगितलं, की घरची गाडी कालच दुरुस्त झाली, त्याआधी आम्ही असंच करायचो, आणि मग पंख्याचं बटण दाखवलं. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी वर्तमानपत्राची तारीख वाचली आणि हे फार जुनं आहे म्हणाल्या. रस्त्यावर एकूण नऊ वळणं झाली. दोनदा बोट उडालं होतं, पण चिकटपट्टीत अडकून तिथेच राहिलं.

अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला, मग काढून तिला परत दिला, कारण तो तिचा होता.

तिने गाडीची किल्ली अण्णांपुढे धरली. घरी तुम्ही चालवा, ती म्हणाली. अण्णा बसले. पहिल्या चौकात त्यांनी इंडिकेटर दिला, वळले, आणि बोटाने दिवा पुसला. उलटा दिवा लुकलुकायला लागला. मागचा सायकलवाला पाय टेकून थांबला. अण्णांनी गडबडीने दांडी मागे घेतली. दुसऱ्या चौकातही तसंच झालं, आणि तिसऱ्यात मागून कुणीतरी लांब हॉर्न वाजवला.

"एकोणीस वर्षांची सवय," अण्णा म्हणाले.

"बाजूला घ्या जरा," ती म्हणाली.

त्यांनी गाडी कडेला घेतली. तिने पर्स उघडली, स्वतःच्या बोटावरची पट्टी सोडवून खिडकीबाहेर न टाकता पर्सच्या कोपऱ्यात ठेवली, नवा तुकडा दातांनी तोडला आणि अण्णांचं बोट हातात घेतलं. रोग्याचं घ्यावं तसं, न विचारता. दोन पेरांना मिळून तिने ते गुंडाळलं आणि शेवटची कड अंगठ्याने दाबून बसवली.

"फार आवळलं नाही ना?"

"नाही."

"मग चला. आणि मी काही बोलणार नाही हं."

पुढच्या चौकात ते वळले. टिकटिक चालू होती. गाडी सरळ झाली. पट्टीतलं बोट उडायला बघत होतं, अण्णांना ते नीट जाणवत होतं. ते ऐकत राहिले. टिकटिक थांबली.